चार मिनिटंसुद्धा एका जागी नाही!

वाचकांचे प्रश्न : अडीच ते सहा वर्षांची मुलं

या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतली पत्रं जास्त आहेत आणि बहुतेकांची तक्रार एकच आहे: मूल खेळात रमत नाही. लक्ष वाढवायचं कसं, असं सगळ्यांनीच विचारलंय. आम्ही उत्तराची सुरुवात बहुतेक ठिकाणी ते मोडतंय कुठे इथून केली आहे, कारण ते सापडलं की निम्मं काम होतं.

मुलगा दोन वर्षं नऊ महिन्यांचा आहे. खेळण्यांचा मोठा डबा भरलेला आहे. तो डबा उलटा करतो, एकेक वस्तू उचलतो, टाकतो आणि दुसऱ्या खोलीत पळतो. चार मिनिटंसुद्धा कशात टिकत नाही. घरभर पसारा मात्र होतो. काय करू?
— एक आई, कोपरखैरणे

आधी घड्याळ लावून मोजा. सलग तीन दिवस, रोज एकदा, त्याचं खाणं-झोप झालेली असताना. एक वस्तू हातात घेतल्यापासून ती सोडून दुसरीकडे वळेपर्यंतची मिनिटं लिहा आणि शेजारी कशाने मोडलं तेही लिहा: दाराची बेल, फोन, तुमची हाक, झाकण उघडेना, कंटाळा. बालवाड्यांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो, वयाच्या दर वर्षामागे दोन ते पाच मिनिटं. तुमच्या मुलाला तो पाच ते तेरा-चौदा मिनिटं पडतो. पण हा हिशेब मोठ्यांनी सांगितलेल्या कामाला लावायचा. स्वतः निवडलेल्या खेळात मूल दुप्पटही बसतं आणि भूक लागली असेल तर दोन मिनिटंही बसत नाही. तेव्हा चार मिनिटांनी घाबरायचं कारण नाही.

घोळ आहे तो डब्याचा. सगळं एकत्र कोंबलेल्या डब्यात तळाशी काय आहे हे उलटा केल्याशिवाय कळतच नाही, म्हणजे तो करतोय ते शहाणपणाचंच आहे. उलटा केल्यावर समोर येतं काय? चाक नसलेली गाडी, अर्धेच ठोकळे, एका हाताची बाहुली. कशाचाच खेळ पुरा होत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टोलिडो विद्यापीठाच्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिली. चार असताना मुलं प्रत्येक खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त वेगवेगळ्या प्रकारांनी खेळली.

मूल झोपलेलं असताना सगळी खेळणी सतरंजीवर ओता. मोडकी आणि भाग हरवलेली बाजूला काढा, ती घराबाहेर जातील. बटण दाबलं की स्वतःच गाणारी-नाचणारी माळ्यावर ठेवा, कारण त्यांत खेळणं खेळतं आणि मूल बघतं. उरलेल्यातून चारच निवडा: एक जोडायचं, एक भरायचं-ओतायचं, एक ढकलायचं आणि एक खोटं खोटं खेळायचं, म्हणजे भातुकली किंवा बाहुली. ठोकळ्यांचा साठाचा संच असेल तर त्यातले बारा-पंधराच ठेवा. प्रत्येक खेळ आपापल्या ताटात किंवा उथळ टोपलीत, त्याच्या कमरेच्या उंचीच्या फळीवर, मध्ये वीतभर मोकळी जागा सोडून मांडा. चपलांच्या रॅकचा खालचा कप्पा पुसून घेतलात तरी चालेल. बाकीचं तीन पिशव्यांत भरून कपाटात ठेवा.

इथे एक चूक सर्रास होते. आठवडा झाला की आईबाबा चारही खेळणी एकदम बदलतात. मग पुन्हा नवलाई, पुन्हा उलटापालट. लागोपाठ दोन दिवस ज्याला हात लागला नाही तेवढंच एक बदला. पहिले तीन-चार दिवस जडच जातील, ‘माझी पिवळी गाडी कुठंय’ म्हणून रडारड होईल. मागितलेली गाडी द्या, फक्त बदल्यात एक वस्तू दोघांनी मिळून पिशवीत टाका.

आणि ‘टिकणं’ कशाला म्हणायचं तेही पाहा. सोफ्याच्या हातावरून गाडी पंधरा वेळा पाडणारं मूल टिकलेलंच असतं. ओतण्याची एवढी हौस आहे तर तिला जागा द्या: परातीत एक वाटी रवा, दोन लहान भांडी, एक चमचा, एक चहाची गाळणी, खाली जुनी चादर. राजमा, वाटाणे, मणी तीन वर्षांच्या आत नकोत. या वयात ते तोंडात, नाकात आणि कानात जातात.

नात चार वर्षांची आहे. दुपारभर मी तिच्यासाठी मोकळा असतो. ठोकळे घेऊन बसलो की रंग, आकडे शिकवतो. दोन मिनिटांत ‘आजोबा, झालं’ म्हणून उठते. शेजारच्या मैत्रिणीबरोबर मात्र अर्धा तास भातुकली चालते. माझ्याशीच असं का?
— एक आजोबा, नौपाडा

आजोबा, शेजारची मैत्रीण तिला ‘हा कोणता रंग?’ असं विचारत नाही. फरक तेवढाच आहे. ठोकळ्याचा रंग तुम्हालाही दिसतो, हे चार वर्षांच्या मुलीला पक्कं ठाऊक असतं. मग विचारताय ते परीक्षा म्हणून, हे तिला लगेच कळतं आणि परीक्षेतून माणूस सुटकाच बघतो.

एक पथ्य पाळून बघा: बसल्यापासून पहिली पाच मिनिटं एकही प्रश्न नाही. ‘काय करतेस?’ हादेखील प्रश्नच. गुडघे साथ देत नसतील तर पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसा, पण तुमचं तोंड तिच्या समोर आणि तिच्याच उंचीला हवं. तुमचे ठोकळे वेगळे, सात-आठ पुरेत. ती करते ते तुमच्या ठोकळ्यांनी तसंच करा. तिने रांग लावली तर तुम्हीही रांग लावा, तुमचा ताजमहाल नको. मिनिटाला एखाद-दुसरं वाक्य बोला, तेही दिसतंय तेवढंच: ‘लांबलचक झाली भिंत.’ मग गप्प राहून मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे भारी पडतात, पण बहुतेक वेळा सहा-सातच्या आसपास तीच काहीतरी बोलते.

आता तिला लांबून बघा. ती वरचा ठोकळा ठेवत्येय. ओठ किंचित उघडे, जीभ एका कोपऱ्यात, दुसरा हात नकळत हवेत थांबलेला, पापणी लवत नाही. लक्ष लागलेलं म्हणतात ते हे. या क्षणी ‘शाब्बास!’ म्हटलंत तर ती मान वर करून तुमच्याकडे बघेल आणि धागा तुटेल. कौतुक करायचंच तर तिने आपणहून तुमच्याकडे पाहिल्यावर करा. ‘पाणी पितेस का’, ‘स्वेटर घाल’, ‘आईचा फोन आहे’ हेही तोवर थांबवा. घरातली माणसं प्रेमापोटी किती वेळा मुलाचा खेळ मोडतात ते एकदा कागदावर रेघा मारून मोजा. अर्ध्या तासाच्या खेळात किती रेघा पडल्या ते पाहून तुम्हीच चकित व्हाल.

खेळ लांबवायचा तर त्यात एकच नवी गोष्ट सोडा. भातुकलीत ती चहा करतेय, तुम्ही पिऊन टाकलात आणि खेळ संपत आलाय असं वाटलं की म्हणा, ‘दारात पाहुणे आलेत वाटतं.’ मग कप कमी पडतात, पाहुण्यांना बसायला जागा लागते, कुणाला साखर चालत नाही. पाचाची आठ मिनिटं अशी होतात. मनोरा पडतोय असं दिसलं तर ती तुमच्याकडे बघेपर्यंत थांबा आणि मदत लहानात लहान करा: खालचा ठोकळा धरून ठेवा, वरचा तिला लावू द्या. रंग शिकवायचेत ना? ‘मला तांबड्या कपात दे बाई, हिरवा फुटका आहे.’ शिकवणी झाली.

उठायची वेळ आली की ‘पाच मिनिटं राहिली’ म्हणू नका. तिला मिनिट ठाऊक नाही. ‘अजून दोन कप भरू आणि भांडी धुवायला टाकू’ हे तिला कळतं.

टीव्ही मुलगी बघत नाही, सासूबाईंची मालिका असते म्हणून नुसता चालू असतो. मोबाइल फक्त जेवताना. तरी त्याचा खेळावर परिणाम होतो का? मुलगी तीन वर्षांची.
— घोडबंदर रोड, ठाणे

होतो. २००८ साली अमेरिकेत एक, दोन आणि तीन वर्षांच्या ५० मुलांना खोलीत खेळायला सोडून अर्धा वेळ मोठ्यांचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम मागे लावून ठेवला होता. मुलं पडद्याकडे मधूनमधून क्षणभरच बघत होती, तरी टीव्ही चालू असताना त्यांचे खेळाचे तुकडे आखूड झाले. दर वेळी आवाज बदलला की मान वळते, परत आल्यावर ‘मी काय करत होते’ इथून सुरुवात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तम, असं सांगितलं आहे. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०२१ चा सल्लाही दोन ते पाच वयासाठी तासभराच्या आतच आहे.

मालिकेवरून सासूबाईंशी वाद घालू नका, हरणारच. मालिका नसते ती वेळ मुलीच्या खेळाची ठरवा किंवा मालिकेच्या वेळी खेळाचं ताट आतल्या खोलीत न्या आणि दार लोटा.

जेवतानाचा मोबाइल एका दमात तुटत नाही. ज्या जेवणाला तिला सर्वांत जास्त भूक असते त्या एकाच जेवणापासून सुरुवात करा, बहुतेक घरांत ते दुपारचं असतं. ताटात दोन-दोन घास वाढा, सगळे एकत्र बसा, तुमचाही फोन दुसऱ्या खोलीत. वीस-पंचवीस मिनिटांनी न रागावता ताट उचला. दोन-तीन दिवस ती कमी खाईल. तिसऱ्या दिवशी घाबरून फोन दिलात तर तीन दिवस रडलं की मिळतो एवढंच ती शिकेल. एक जेवण जमलं की आठवड्याने दुसरं.

जून ते सप्टेंबर आम्ही कैद्यासारखे. पाऊस थांबला तरी बागेत चिखल. मुलगा साडेतीन वर्षांचा, संध्याकाळी सोफ्यावरून उड्या, भिंतींवर आपटणं. चित्र काढायला बसवलं की कागद फाडतो. घरात शांत खेळेल असं काय देऊ?
— सेक्टर २०, खारघर

शांत खेळ शेवटी द्या, आधी दमवा. बाग बंद झाल्याने पोराच्या अंगातली ताकद काही बंद झाली नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल हवी आणि त्यातली निदान ६० मिनिटं धाप लागेल अशी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन खोल्यांच्या घरात हे दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत बसवावं लागतं.

नुसत्या उड्यांनी काही मुलं आणखी चेकाळतात. ओढणं, ढकलणं, उचलणं, दाबणं ही जड कामं मात्र अंगाला स्थिर करतात. कपड्यांच्या प्लॅस्टिक टबात गाद्यांच्या खोळी भरून टब या खोलीतून त्या खोलीत ढकलायचा. बाजारातून आलेली कांद्याची पिशवी स्वयंपाकघरापर्यंत न्यायची, पण वजन त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंतच, म्हणजे चौदा किलोच्या मुलाला सव्वा-दीड किलो. उशा-लोडांचा डोंगर करून त्यावरून रांगत जायचं. चटईत गुंडाळून घ्यायचं (डोकं बाहेर). दारापासून खिडकीपर्यंत बेडूकउड्या, परत येताना खेकडा. दहा मिनिटं हे, मग दोन मिनिटं पाणी प्यायचं आणि पंख्याखाली आडवं व्हायचं, त्यानंतर बैठा खेळ. हा क्रम उलटा केला की कागद फाटतो.

बैठ्या खेळात पावसाळ्यात कणकेच्या गोळ्याला तोड नाही. एक वाटी कणीक, पाव वाटी मीठ, एक चमचा तेल आणि साधारण अर्ध्या वाटीच्या आत कोमट पाणी. पाणी एकदम ओतू नका, दोन-दोन चमचे घालत पोळीच्या कणकेपेक्षा थोडा घट्ट गोळा मळा. हळद किंवा बीटचा रस घातला की रंग येतो. मिठाने गोळा लवकर खराब होत नाही आणि चव खारट लागल्याने मूल दुसऱ्यांदा तोंडात घालत नाही. मात्र मीठ हवेतली ओल ओढतं, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तासाभरात गोळा हाताला चिकटायला लागतो. तेव्हा कोरडी कणीक भुरभुरा आणि हाताला तेलाचं बोट लावा. झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतो. काळे ठिपके दिसले किंवा आंबूस वास आला की टाकून द्या.

पोळपाट-लाटणं, चकलीचा साचा, वाटी आणि कपडे वाळत घालायचा चिमटा, एवढंच बरोबर द्या. सुरी-काटे नंतर. साच्यात गोळा दाबणं हेही जड कामच आहे आणि हाताला पेन्सिलीसाठी लागते ती ताकद इथेच येते. चित्राचा कागद फाटतो त्याचं एक कारण तेही असू शकतं: तेलकट बारीक खडू, पातळ कागद, घसरतं टेबल. कॅलेंडरचं जाड पान उलटं करून चारही कोपरे चिकटपट्टीने जमिनीवर लावा, बोटाएवढा जाड खडू द्या आणि पोटावर पालथं पडून काढू द्या.

पाऊस थांबला की वीस मिनिटं खाली न्याच, पोडियम किंवा स्टिल्टच्या पार्किंगची कोरडी बाजू (गाड्या येत-जात नसतील तेव्हा) चालते. डबक्यात उड्या मारायला हरकत नाही, पण पायाला जखम असेल किंवा रस्त्याचं तुंबलेलं पाणी असेल तर नाही. लेप्टोस्पायरोसिस त्याच पाण्यातून होतो. घरात पलंग-सोफा खिडकीपासून दूर हलवा आणि पाण्याचा खेळ झाला की बादली तिथल्या तिथे पालथी करा. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं.

सोळाशे रुपयांचे चुंबकी ठोकळे आणले, पाच मिनिटांत टाकून दिले. पुढच्या वेळी काय घेऊ? मुलगी साडेतीनची.
— ऐरोली

काही घेऊ नका, तेच सहा महिन्यांनी काढा. नवीन घ्यायचंच तर ज्याने चारपेक्षा जास्त प्रकारे खेळता येतं ते: साधे लाकडी ठोकळे, चेंडू, डॉक्टरची पेटी, भातुकली. खेळण्याच्या खोक्यावर आयएसआयची खूण पाहा, १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. चुंबकी ठोकळ्यांची कड उकलली असेल तर आजच फेकून द्या. आतली दोन चुंबकं गिळली गेली तर आतडी मध्ये चिमटून भोक पडू शकतं आणि ती शस्त्रक्रियेची वेळ असते. बटण-सेलच्या खेळण्याचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं.

माझ्या वर्गात अठरा मुलं, तीन ते चार वर्षांची. गोलात बसवून वीस मिनिटं गोष्ट-गाणी घ्यायची असतात. सातव्या-आठव्या मिनिटाला निम्मी मुलं लोळायला लागतात. पालक म्हणतात शिस्त नाही.
— बालवाडीताई, कळवा

ताई, एक गणित करा. अठरा मुलांना एकेक करून ‘तू सांग’ म्हटलं आणि प्रत्येकाला अर्धं मिनिट दिलं तर नऊ मिनिटं झाली. त्यात एका मुलाच्या वाट्याला बोलायला अर्धं मिनिट आणि थांबायला साडेआठ मिनिटं आली. लोळणारी मुलं त्या साडेआठ मिनिटांत लोळतात. म्हणून एकेकाला विचारण्याऐवजी सगळ्यांनी एकदम करायचं ठेवा: सगळ्यांनी वाघ व्हायचं, सगळ्यांनी टोपी घालायची, प्रत्येकाच्या हातात एकेक पान आणि पाऊस आला की ते डोक्यावर धरायचं.

वीस मिनिटं फोडा. चार मिनिटं उभ्याने हातवाऱ्यांचं गाणं, सहा-सात मिनिटं गोष्ट, दोन मिनिटं टाचांवर चालणं, मग तीन कोपऱ्यांत सहा-सहा मुलं. कोपऱ्यातलं काम स्वतः निवडलेलं असतं, तिथे तीच मुलं पंधरा-वीस मिनिटं सहज बसतात. एका कोपऱ्यात पाणी आणि नरसाळं, दुसऱ्यात ठोकळे, तिसऱ्यात भातुकली. पाण्याच्या कोपऱ्यात सहा मुलं आणि पाच नरसाळी दिलीत तर भांडण तुम्हीच लावलंत असं समजा. गोष्टीच्या वेळी बसायची जागा ठरलेली हवी, चटईचे हातभर चौकोनी तुकडे कापून दोन कमानींत मांडा आणि सर्वांत चुळबुळ्या मुलाला टोकाला नाही, तुमच्या गुडघ्याजवळ बसवा. पाठीमागे खिडकी नको, भिंत हवी.

साहित्यासाठी पैसे नाहीत म्हणून अडू नका. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, बालशिक्षणाचं काम सुरू केलं. नंतर ते कोसबाडला गेलं आणि अनुताई वाघ यांनी ते वाढवलं. शिंपले, बिया, पानं, खडे हेच तिथलं साहित्य. पालकांना शिस्तीचं उत्तर तोंडी देण्यापेक्षा एका सकाळी कोपऱ्यांच्या वेळी वर्गात मागे बसवा.

मुलगा चार वर्षांचा. शाळेतून निरोप आला, ‘हायपर आहे, एडीएचडी असेल, दाखवून घ्या.’ घरी तर तो गाड्या लावत अर्धा तास बसतो. काय समजायचं?
— एक बाबा, वाशी

शाळा शंका सांगू शकते, निदान करू शकत नाही. एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) म्हणण्यासाठी लक्षणं वयाच्या मानाने ठळकपणे जास्त, किमान सहा महिने टिकणारी आणि निदान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. फक्त शाळेत दिसतात म्हणजे वर्गात काहीतरी अडतंय, हीही तेवढीच मोठी शक्यता आहे. उलट, आवडत्या गाड्यांत अर्धा तास बसतो म्हणून एडीएचडी नाहीच, असंही म्हणता येत नाही. लक्षात घ्यायचं ते हे की न आवडणाऱ्या, पण त्याच्या वयाला जमण्यासारख्या गोष्टीत, समोर कुणीतरी असताना तो पाच-सात मिनिटं थांबतो का.

डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन गोष्टींकडे नीट बघा, कारण या तिन्ही लक्ष नसल्यासारख्या दिसतात.

कान. सर्दी वारंवार होत असेल तर पडद्यामागे पाणी साठतं. मूल बहिरं होत नाही, पण पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकतं. मागून, टीव्ही बंद असताना, हळू आवाजात ‘चॉकलेट’ म्हणून बघा. खात्री मात्र ऑडिओलॉजिस्टच्या तपासणीनेच होते आणि चार वर्षांच्या मुलाची ती खेळता खेळता करता येते.

झोप. या वयाला दुपारची धरून दहा ते तेरा तास हवी. पालक रात्री साडेनऊला घरी येणार, मग जेवण, मग मूल साडेअकराला झोपणार आणि सकाळी सातला उठणार, हे साडेसात तासच झाले. अपुऱ्या झोपेचं लहान मूल पेंगत नाही, उधळतं. रोज घोरत असेल किंवा तोंड उघडं टाकून झोपत असेल तर नाकामागची ॲडेनॉइडची गाठ तपासून घ्या.

रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के भारतीय मुलं रक्तक्षयाची निघाली. लोह कमी असेल तर मूल चिडकं, लवकर कंटाळणारं होतं. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पिणाऱ्या मुलांची भूक दुधानेच भरते, त्यांच्यात हे हमखास बघावं. लोहाचं औषध मनाने देऊ नका, आधी तपासणी.

काही खुणा दिसल्या तर मात्र महिने घालवू नका: नावाने हाक मारल्यावर वळत नाही, हवं ते बोटाने दाखवत नाही, येत असलेले शब्द गेले, खेळता खेळता पाच-दहा सेकंद एकदम गोठतो, हलवलं तरी भानावर येत नाही आणि मग जणू काही झालंच नाही असा पुढे खेळतो. शेवटचं दिसलं तर मोबाइलवर चित्रण करून बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते फिटचं एक रूप असू शकतं. सरकारी मार्गही आहे: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि गरज असेल तर पुढे विनामूल्य पाठवतं.

आणि समजा निदान झालंच, तर सहा वर्षांखाली पहिला उपाय गोळी नसतो. आईबाबांना दिलं जाणारं वागणुकीचं प्रशिक्षण हा असतो. पहिल्याच भेटीत कुणी औषध लिहून दिलं तर दुसरं मत घ्या. शाळेकडून तोवर एक गोष्ट लेखी मागा: नेमक्या कोणत्या वेळी, काय चालू असताना, किती मिनिटांनी तो उठतो. ‘हायपर आहे’ यापेक्षा ‘मधल्या सुट्टीनंतर लेखनाच्या तासाला तिसऱ्या मिनिटाला उठतो’ हे डॉक्टरांना शंभरपट उपयोगी.

मोठी पाच वर्षांची, तासभर काहीतरी बांधत बसते. धाकटा दीड वर्षाचा येतो आणि मोडतो. ती आता काही मांडतच नाही. — नेरूळ

तिला उंची द्या. जेवणाच्या टेबलाची एक बाजू तिची, धाकट्याचा हात पोचणार नाही अशी. बारीक ठोकळे तिथेच राहतील आणि ते खाली पडले की उचलायची जबाबदारी मोठ्यांची. बांधलेलं रात्री पाडायचं नाही, ताटासकट उचलून फ्रिजवर ठेवायचं आणि सकाळी तिथूनच पुढे. धाकट्याला मोडायलाच आवडतं ना, त्याला खाली स्टीलचे पाच पेले द्या. बाबांनी रचायचे, त्याने पाडायचे. आवाज होईल, पेल्यांखाली सतरंजी घाला आणि खालच्या मजल्यावर कल्पना देऊन ठेवा.